दांडी

मोहदरी घाटाच्या वरच्या वळणाला, रात्री साडेअकराला
गाडीनं आधी हवा सोडली, मग मान टाकली.
संगमनेर–नाशिक, शेवटची फेरी.
चाकांना दगड लावले. मागं साठ पावलांवर
बाभळीची फांदी टाकली, तिला गांगुर्डेबाईंनी
स्वतःचा लाल मफलर बांधला
आणि मग रात्रभर हातांनी कान झाकत राहिल्या.

पुण्याच्या गाडीत प्रवासी बसवून दिले.
एक ट्रकवाला थांबला, दोर घेऊन उतरला,
"ओढू का?" म्हणाला, अगदी मनापासून.

रज्जाक मिस्त्री आले तेव्हा दीड वाजलेला.
दोर त्यांनी तळहातावर तोलल्यासारखा धरला.
"हा ओढतो, राजा. थांबवत नाही.
उतारावर मागचा पुढच्याच्या अंगावर जातो.
दांडी घ्यावी. ती ओढते, आणि अडवतेही."

मग गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले,
प्रॉपेलर सोडला, बोल्ट टोपीत ठेवले,
टोपी माझ्या हातात. "सांडशील तर बघ."
दांडीला पिन, पिनेला कॉटर, कॉटरला तार,
आणि एवढं करूनही वरून एक ढिली साखळी.
"ही कशाला?"
"हिला काम पडू नये म्हणून."
शेवटी नळी जोडली : त्यांच्या गाडीची हवा माझ्या ब्रेकांत.
काटा हळूहळू वर आला,
आजारी माणूस उशीला टेकून बसावा तसा.

मी सीटवर बसलो, मिस्त्रींनी गिअर टाकला,
तेवढ्यात बाई आडव्या आल्या, टॉर्च हलवत.
"मशीनमध्ये अडतीस आहेत. मी सदतीस चढवले."

तो शेवटच्या सीटखाली सापडला, कानटोपीत, गाढ.
हौशीराम लहामटे, अकोले तालुका.
"आलं का नाशिक?"
सातपूरच्या कंपनीत सकाळी आठला बोलावलेलं.
खिडकीच्या दांड्याला त्याचा इस्त्रीचा शर्ट टांगलेला,
पांढरा, निळ्या रेघांचा, बहुतेक भावाचा.
"ओढत्या गाडीत माणूस नको," मिस्त्री म्हणाले,
"माझ्या केबिनमध्ये चल."
तो चढला, पुन्हा उतरला.
"शर्ट राहू दे का तिथंच? केबिनमध्ये चुरगळंल."
"राहू दे. त्याला तिकीट नाही."

एक हॉर्न म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब.
तीन झाले तर मी चुकलो, असं ठरलेलं.
स्टिअरिंग जात्यासारखं जड.
बावीस वर्षं माझ्यापुढं रस्ता असायचा,
त्या रात्री मिस्त्रींची मागची फळी होती, तिच्यावर लिहिलेलं :
अंतर ठेवा.
आणि आमच्यात अंतर एका दांडीचं.

इंजिन नसलं की कळतं, गाडी किती बोलते.
काचा बोलतात. रॅकवरचा पत्रा बोलतो.
आठव्या सीटचा नट गेली किती वर्षं
मला हाका मारत असेल, कुणास ठाऊक.
आरशात तो शर्ट. वळणावर डावीकडं झुकायचा,
सरळ रस्त्याला पुन्हा ताठ,
पहिल्यांदाच एकटा शहराला निघाल्यासारखा.
त्याच्याकडं बघून मी ब्रेक दाबत गेलो,
पायाखाली अंडं असल्यागत.

शिंदे. पळसे. चेहेडीचा पूल, खाली दारणेवर धुकं.
बिटकोला चहाची पहिली भट्टी पेटलेली.
द्वारकेला सिग्नल नुसताच पिवळा डोळे मिचकावत होता,
तरी मिस्त्री थांबले. म्हणून मी थांबलो.
तीन हॉर्न कुठंच झाले नाहीत.

डेपोत पाचला पिन काढली.
हौशीरामनं शर्ट उतरवून ट्यूबलाइटखाली धरला.
मिस्त्री बोल्ट मोजायचे सोडून आधी तिथं आले.
बाहीवरची इस्त्रीची रेघ
होती तशी.
कुणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी फक्त
काळ्या हातांची बोटं मागं घेतली, डाग पडू नये म्हणून.

बाईंनी कागदावर लिहिलं : प्रवासी अडतीस.
मग पेन थांबलं.
"अहो, फांदी आपण कडेला ओढली ना?"
"ओढली की."
"आणि मफलर?"